एफपीएस किती ठेवावा? टीव्ही, लॅपटॉप, फोन, सगळीकडे व्हिडिओ न अडखळता चालायला हवाय

नवखी
आमच्या नाट्यगटाच्या प्रयोगाचं चित्रण जोडून तासाभराचा व्हिडिओ करतेय. साहित्य तीन ठिकाणचं आहे: मुख्य कॅमेरा २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), एक फोन ३०, दुसरा फोन ६०. बघणारे कोण कशावर बघतील याचा नेम नाही.

चाचणीसाठी वेगवेगळे तुकडे काढून बघितले. २५ चा तुकडा टीव्हीवर अडखळतो. ६० चा तुकडा फोनवर अगदी सुरळीत, पण लॅपटॉपवर पॅन (कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट) आला की बारीक बारीक हिसके देतो. गंमत म्हणजे लॅपटॉपचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा आहे, म्हणजे तिघांत सगळ्यात भारी! जिकडे तिकडे वाचायला मिळतं की आकडा मोठा तितकं दृश्य गुळगुळीत. मग इथेच घोडं का अडतंय? गटातला एकजण म्हणतो २४ ठेव, सिनेमे २४ लाच असतात.

तर सगळीकडे चालेल असा आकडा कोणता?

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो.

तिरपागडा
६० ठेवा, विषय संपला. डोळ्याला तसंही २४ च्या वर काही कळत नाही, त्यामुळे ६० म्हणजे चैनच.

पिक्सेलबुवा
तिरपागडा, तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याचं एकमेकांशी जमत नाहीये. :)

नवखी, आकडा मोठा की लहान हे नंतर. आधी भागाकार करा. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो तो हर्ट्झचा आकडा) भागिले व्हिडिओचा एफपीएस. उत्तर पूर्णांकात आलं तर प्रत्येक फ्रेम पडद्यावर सारखाच वेळ राहते. अपूर्णांक आला की काही फ्रेम जास्त वेळ राहतात, काही कमी, आणि सरळ रेषेत चाललेली वस्तू लंगडल्यासारखी दिसते.

तुमचा लॅपटॉप घ्या. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. स्क्रीन एक फ्रेम २.४ वेळा दाखवू शकत नाही, म्हणून एक दोनदा, एक तीनदा, असं करत पाच फ्रेममागे बारा रिफ्रेश भरून काढतो. कुठली फ्रेम १४ मिलिसेकंद, कुठली २१. फोन बहुधा ६० किंवा १२० हर्ट्झचा असणार, तिथे भाग नि:शेष जातो. टीव्ही ६० चा असेल तर २५ ला पुन्हा २.४ च येतात, फक्त तिथे रिफ्रेश लांब असल्यामुळे ३३ आणि ५० मिलिसेकंद अशी मोठी तफावत पडते. म्हणून टीव्हीवरचं अडखळणं तुम्हाला जास्त खुपलं.

आत्ताच एक करून बघा. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ ऐवजी १२० निवडा आणि तोच ६० चा तुकडा लावा.

सतराशेसाठ
म्हणजे पाच पाहुण्यांना बारा खुर्च्या वाटायच्या आणि कोणी रुसायचं नाही. अवघड आहे.

नवखी
पिक्सेलबुवा, दंडवत! १२० केल्यावर हिसके गेले. १४४ सोडून १२० वर आल्यावर सुधारणा होते हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

छायाप्रकाश
भागाकाराबद्दल सहमत, पण धागा नुसत्या गणितावर जाऊ नये म्हणून लिहितोय.

तिरपागडा म्हणतात ते "डोळ्याला २४ च्या वर कळत नाही" हे किती वर्षं फिरतंय कुणास ठाऊक. २४ हा आकडा डोळ्याची मर्यादा म्हणून आलेला नाही. बोलपट आले तेव्हा, १९२० च्या दशकाच्या शेवटी, आवाजाची पट्टी नीट वाजायला फिल्म ठरावीक वेगाने धावणं भाग होतं. वेग जास्त ठेवला तर फिल्म जास्त खर्च होणार. त्या ओढाताणीत २४ स्थिरावलं. आणि खुद्द थिएटरातला फिल्म प्रोजेक्टर पडद्यावर सेकंदाला २४ वेळा उजेड टाकत नसे. दोन किंवा तीन पात्यांचं शटर लावून प्रत्येक फ्रेम दोनदा-तीनदा, म्हणजे ४८ किंवा ७२ वेळा झळकवत असत. का? कारण २४ ची लुकलुक डोळ्याला स्पष्ट दिसते!

दुसरं म्हणजे भाग अगदी नि:शेष गेला तरी २४ चा पॅन अडखळू शकतो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर २४ ची प्रत्येक फ्रेम बरोबर पाच रिफ्रेश राहते, गणितात खोट नाही. पण ती ४१.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबून राहते आणि मग पुढे उडी मारते. कॅमेरा वेगाने फिरवला असेल तर त्या उड्या दिसणारच. म्हणून सिनेमावाले पॅन सावकाश करतात. वस्तूला चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद लागावेत असा त्यांचा जुना ठोकताळा आहे. शिवाय कॅमेऱ्याचं शटर फ्रेमच्या निम्म्या वेळ उघडं, म्हणजे २४ ला १/४८ सेकंद, त्यामुळे हालचाल थोडी धूसर होऊन उड्या झाकल्या जातात. फोन भर उन्हात १/१००० वगैरे शटर घेतो, प्रत्येक फ्रेम टोकदार येते, आणि मग लोक दोष २४ ला देतात.

मध्यरात्र
छायाप्रकाश, याला जोडून: ओएलईडी पडद्यावर हे जास्तच जाणवतं. एलसीडीचे पिक्सेल बदलायला थोडे रेंगाळतात, त्यामुळे दोन फ्रेममधली उडी जराशी पुसली जाते. ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो. घरात नवा टीव्ही आला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं होतं की जुनाच बरा होता. चित्र शंभरपट सुंदर, पण पॅन आला की डोळे मिचकवावेसे वाटत.

तिरपागडा
बरं बाबांनो, डोळ्याचं विधान मागे घेतो. पण ६० वर ठाम आहे. ६० चे पडदे सगळीकडे, १२० चे फोन वाढतायत, दोन्हीकडे भाग जातो.

घड्याळजी
माझ्या आवडीच्या विषयाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून बरं वाटलं.

तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत ३० किंवा ६० लिहिलेलं असलं तरी फाइल बहुतेक वेळा २९.९७ किंवा ५९.९४ ची असते. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा वाहक एकमेकांत लुडबुड करून चित्रात नक्षी उमटवू नयेत म्हणून ३० चा वेग १००० भागिले १००१ या पटीत किंचित कमी केला. त्या काळच्या कृष्णधवल संचांवरही तेच प्रक्षेपण दिसलं पाहिजे अशी अट होती, त्यामुळे मोठे बदल शक्य नव्हते. ते संच कधीच भंगारात गेले, १००१ मात्र अजून ठाण मांडून बसलाय. सिनेमाच्या २४ चंही म्हणूनच बऱ्याच फाइलींत २३.९७६ होतं.

परिणाम काय? ५९.९४ ची फाइल बरोबर ६०.०० हर्ट्झच्या पडद्यावर चालवली तर साधारण १७ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची राहते. २३.९७६ ची फाइल २४.०० वर चालवली तर तोच प्रकार ४२ सेकंदांनी. ज्याला माहीत नाही तो सुखात असतो. एकदा माहीत झालं की माणूस सिनेमा सोडून पुढचा हिसका कधी येतो याची वाट बघत बसतो.

सतराशेसाठ
घड्याळजी, आमचं सुख हिरावून घेतल्याबद्दल आभार.

कोरा कागद
यावर उपाय आहे की. एमपीव्ही प्लेअरमध्ये डिस्प्ले-रिसॅम्पल नावाचा पर्याय आहे. तो व्हिडिओची गती पडद्याच्या घड्याळाशी जुळवतो आणि आवाज त्याप्रमाणे किंचित ताणतो. एक हजारांशाचा फरक कानाला कळत नाही. कोडी प्लेअरमध्ये "अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट" आहे, ते चालू केलं की फाइल २४ ची असेल तर टीव्हीच २४ वर जातो, २५ ची असेल तर ५० वर. ॲपल टीव्हीच्या खोक्यात "मॅच फ्रेम रेट" आहे. बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, तेवढं चालवून घ्यायचं.

नवखीताई, तुमच्या टीव्हीवर २५ अडखळत होता तो कशातून लावला होता? पेन ड्राइव्हवरून टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये, की लॅपटॉप केबलने जोडून? लॅपटॉपमधून असेल तर टीव्ही बिचारा ५० दाखवायला तयार असतो, लॅपटॉप मात्र त्याला ६० च पाठवत राहतो.

नवखी
लॅपटॉप जोडून. आणि आता बघितलं, सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ खरंच आहे! ५० केल्यावर २५ चा तुकडा नीट चालला. पण प्रत्येकाच्या घरी जाऊन मी सेटिंग बदलू शकत नाही ना.

मृण्मयी
मला वाटतं टीव्हीचं मोशन स्मूदिंग लावलं की हे सगळे प्रश्न मिटतात. आमच्याकडे तेच चालू आहे, काहीच अडखळत नाही.

छायाप्रकाश
मृण्मयी, नको! टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या कल्पनेने रंगवतो. क्रिकेटला एक वेळ चालेल, पण सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो आणि जोरात हललेल्या हाताभोवती पाणी हलल्यासारखी कड दिसते. दिग्दर्शक मंडळी इतकी वैतागली की २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने फिल्ममेकर मोड आणला. त्यात हे स्मूदिंग बंद राहतं.

मृण्मयी
मला आवडतं तसं. माझा टीव्ही, माझे डोळे. मालिकेसारखं दिसलं तर काय बिघडलं? २०१२ मध्ये ४८ एफपीएसचा मोठा चित्रपट आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते, "सिनेमा वाटत नाही, सेट वाटतो". सवयीचा भाग आहे सगळा.

मध्यरात्र
मृण्मयींचं अगदीच टाकाऊ नाही. स्मूदिंगला बऱ्याच टीव्हींत पायऱ्या असतात. ओएलईडीवर सगळ्यात खालची पायरी ठेवली तर पॅन सुसह्य होतो आणि मालिकाही होत नाही. आमच्या घरातलं भांडण तिथेच मिटलं.

जुनी टेप
थोडं अवांतर, पण याच कुळातलं. जुन्या मिनी डीव्ही टेपा संगणकावर घेताना बरेच जण २५ एफपीएस करून मोकळे होतात. त्या टेपांत सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणाचं. २५ केलंत की निम्मी हालचाल कायमची गेली. डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्धचित्रांच्या पूर्ण फ्रेम करताना, ५० फ्रेम काढा. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडिफ फिल्टर प्रत्येक अर्धचित्राची एक फ्रेम करून देतो. जुनं चित्रण एकदम जिवंत वाटायला लागतं.

वाचनमात्र
हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

घड्याळजी
अवांतरात अजून एक भर: ५० हर्ट्झच्या देशांत २४ चा सिनेमा टीव्हीवर दाखवताना सरळ २५ ने पळवायचे. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधी संपायचा आणि आवाजाची पट्टी अर्धस्वराच्या जवळपास पाऊण पट चढायची. गाणी पाठ असणाऱ्यांना ते खटकायचं.

सतराशेसाठ
२४, २५ आणि ३० तिघांनाही नि:शेष भाग जाईल असा पडदा का करत नाहीत? लसावि ६००. ६०० हर्ट्झचा टीव्ही आणा, धागा बंद करा.

मध्यरात्र
प्लाझ्मा टीव्हींच्या खोक्यावर खरंच ६०० हर्ट्झ छापलेलं असायचं! पण ते सब-फील्ड होते. ६० च्या प्रत्येक फ्रेमचा उजेड दहा तुकड्यांत पाडत, दहा साठे सहाशे. फ्रेम ६० च. खोक्यावरच्या आकड्यांचा आणि हालचालीचा संबंध लावू नये. आजही "मोशन रेट" वगैरे नावाने असलेच आकडे छापतात.

कोरा कागद
व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) असलेला मॉनिटर असेल तर लसाविची गरजच नाही. तिथे पडदा फ्रेमची वाट बघतो. फक्त त्याला खालची मर्यादा असते, समजा ४८ हर्ट्झ. मग २४ च्या फ्रेम दुप्पट करून ४८ ने दाखवतो. पण त्यासाठी प्लेअर आणि ड्रायव्हर दोघांचीही साथ हवी, फुल स्क्रीनही हवा. नवखींच्या प्रेक्षकांना हे सांगत बसणं म्हणजे गाढवापुढे... असो, ह. घ्या.

नवखी
माझे प्रेक्षक हा धागा वाचतायत हं. :)

चर्चा छान चाललीय, पण मूळ प्रश्नाकडे येऊ का? गटात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळं ३० वर आणा, दुसरा म्हणतो ६०. २४ वाला गप्प झालाय.

पिक्सेलबुवा
३० मात्र करू नका, कारण सांगतो. २५ चं चित्रण ३० च्या टाइमलाइनवर (एडिटरमधल्या जोडणीच्या पट्टीवर) टाकलंत की एडिटर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा टाकतो. ६० च्या पडद्यावर त्या पाच फ्रेम २, २, २, २, ४ अशा दिसतात. एक फ्रेम तब्बल ६७ मिलिसेकंद चिकटून बसते, सेकंदाला पाच वेळा. हीच २५ ची फाइल तशीच ठेवली असती तर त्याच पडद्यावर ३, २, ३, २, २ अशी पडली असती, म्हणजे फार तर ५० मिलिसेकंद. शिवाय एक्सपोर्ट करताना घुसवलेली फ्रेम फाइलमध्ये कायमची बसते. मग बघणाऱ्याने टीव्ही ५० वर नेला काय किंवा १२० चा आणला काय, ती निघत नाही.

उलट बाजूही बघा. ६० चा फोन २५ च्या टाइमलाइनवर आणलात तर फ्रेम उचलताना कधी दोन, कधी तीन पावलांनी उचलाव्या लागतात. हालचालीतच लंगड शिरते.

म्हणून आधी हे सांगा: हलतं चित्रण कुठल्या कॅमेऱ्यात आहे आणि स्थिर कुठल्या?

नवखी
२५ वाला मुख्य कॅमेरा ट्रायपॉडवर, पूर्ण रंगमंच दिसतो, जवळजवळ न हलणारा. ३० वाला फोन बाजूच्या विंगेत टेकवून ठेवलेला. ६० वाला फोन हातात धरून नटांच्या मागे फिरवलाय, पॅन सगळे त्यातले.

पिक्सेलबुवा
मग ६० ची टाइमलाइन. तिरपागडा जिंकले, कारण वेगळं असलं तरी. ६० चे पॅन जसेच्या तसे राहतील, ३० ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा पडेल. २५ चं चित्रण विषम पडेल, पण तिथे कॅमेराच हलत नाही, त्यामुळे लंगडायला फारसं काही नाही. तोटा कुठे तरी सोसायचाच आहे, तर जिथे दिसत नाही तिथे सोसा. आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ६० किंवा १२० चे पडदे असणार.

फक्त एडिटरमध्ये २५ च्या क्लिपला फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकांत मिसळणं) लावू नका, चेहऱ्यांच्या दुहेरी सावल्या येतात. आणि ६० केल्याने २५ चं चित्रण गुळगुळीत होईल ही अपेक्षा ठेवू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

छायाप्रकाश
माझं मत थोडं वेगळं. नाटक आहे, मुख्य कॅमेऱ्याचे शॉट जास्त वापरले जाणार. नट रंगमंचावर चालतात, धावतात, तेव्हा स्थिर चौकटीतही विषमपणा दिसू शकतो. मी असतो तर २५ ठेवलं असतं आणि ६० चे पॅन जिथे आवाजाची गरज नाही तिथे २५ च्या गतीने, म्हणजे साधारण ४२ टक्के वेगाने, स्लो मोशन म्हणून वापरले असते. त्यात एकही फ्रेम वाया जात नाही.

पिक्सेलबुवा
नाटकाच्या मधोमध स्लो मोशन? नटांनी तुम्हाला विंगेत गाठलं असतं.

छायाप्रकाश
शीर्षकाच्या भागात हो! बाकी ठिकाणी तुमचं बरोबर असेल.

कोरा कागद
दोघांचंही एक राहून गेलंय. फोनचं चित्रण बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी घेतो, आणि नाट्यगृहात अंधारच असतो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून बघा. "व्हेरिएबल" दिसलं तर आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या. नाहीतर तासाभराच्या शेवटी ओठ आणि संवाद वेगवेगळ्या गावाला गेलेले असतात.

नवखी
मीडियाइन्फोत ३० वाला आणि ६० वाला, दोन्ही व्हेरिएबल निघाले! आता कॉन्स्टंट करून घेतले. पहिल्या अंकाची दोन एक्सपोर्ट काढली, २५ आणि ६०, आणि काही न सांगता गटाला दाखवली. टीव्हीवर आणि फोनवर सगळ्यांनी ६० निवडली. ट्रायपॉडच्या शॉटमध्ये कुणाला काही जाणवलं नाही. अपवाद एकच. दुसऱ्या प्रवेशात नायिका रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, तिथे दोघांनी "इथे काहीतरी अडकतंय" म्हटलं. छायाप्रकाश, तुम्ही म्हणाला होतात तेच.

छायाप्रकाश
त्या क्षणी ६० वाल्या फोनमध्ये काय आहे? तिचं धावणं असेल तर तेवढ्यापुरता तिकडे कट करा. नसेल तर फक्त त्या शॉटला ऑप्टिकल फ्लो लावून बघा. मधल्या कमी पडणाऱ्या फ्रेम एडिटर तयार करेल. पदर आणि पावलं यांच्या कडा फ्रेम थांबवून तपासा, विरघळल्यासारख्या दिसल्या तर काढून टाका, अडखळणं परवडलं.

नवखी
फोनमध्ये आहे, पण अर्ध्या धावेत नायकाची पाठ मध्ये येते.

पिक्सेलबुवा
मग पाठ येईपर्यंत फोन, नंतर मुख्य कॅमेरा. आणि पुढच्या प्रयोगाला तिन्ही यंत्रं ३० किंवा ६० वर एकसारखी लावा. दिव्यांची वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाका, म्हणजे ३० आणि ६० ला चित्रात दिव्यांच्या लुकलुकीचे पट्टे सरकणार नाहीत. ६० ला १/५० घेता येत नाही, तिथे १/१००.

तिरपागडा
थोडक्यात, ६० ठेवा, विषय संपला.